बेटावरची काकू

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाण्याची यादी आणि सणासुदीची चार ओळींची खुशाली, एवढाच माझा लिहिण्याचा सराव. पण यंदा आपल्या मंडळाने ‘आमच्या घरातून परमुलखात गेलेले माणूस’ हा विषय लिहायला दिला, तेव्हा मीही वही घेतली.

माझे माहेर मालवणकडचे. आत्याच्या पणजोबांचे थोरले भाऊ ‘बेटावर गेले’, असे घरात सगळेच सांगतात. बेट म्हणजे मॉरिशस. गोष्ट तेवढ्यावरच थांबते. आत्याला विचारले, कोणत्या साली गेले? “मला काय ठाऊक, बाई!” मग विचारले, प्लेगच्या आधी की नंतर? उत्तर लगेच आले, “कितीतरी आधी. तेव्हा माझी आजीसुद्धा जन्मली नव्हती.” मुंबईतला प्लेग 1896 चा. म्हाताऱ्या माणसाला साल विचारू नये. साथ, लग्न, बाळंतपण विचारावे, हे मी तिथे शिकले.

बाकीचे वाचनालयात बसून वाचले. मॉरिशसमध्ये गुलामगिरी उठत होती, मळेवाल्यांना उसासाठी माणसे हवी होती. म्हणून 1834 पासून करारावर हिंदी मजूर नेऊ लागले. 1910 पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे गेली. पोर्ट लुई बंदरात ती जिथे उतरत, ती जागा आज आप्रवासी घाट म्हणून जपलेली आहे. मोका या गावी महात्मा गांधी संस्थेत त्या वेळच्या नोंदवह्या आहेत. नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, गाव, जहाज, सारे त्यांत लिहिलेले. मात्र कारकुनाने नावे कानाला लागली तशी उतरवलेली, त्यामुळे एकच नाव चार तऱ्हांनी शोधावे लागते. आणि सिंधुदुर्ग जिल्हा तिथे मिळायचा नाही. तो 1981 साली झाला. आमचे मालवण तेव्हा रत्नागिरीत.

गेलेल्याची नोंद झाली. मागे राहिलेल्या बायकोची कोण करणार? आत्याच्या आजीने तिला पाहिले होते. जन्मभर कुंकू लावून ती पडवीत तांदूळ निवडीत बसे. जिने बेट कधी पाहिले नाही, तिला सारे घर ‘बेटावरची काकू’ म्हणे. तिचे खरे नाव कोणालाच सांगता येत नाही.

कोणी म्हणतात, तो तिकडेच वारला. कोणी म्हणतात, त्याने दुसरा संसार मांडला. माझे चुलते तर रागावलेच, “घरातले जुने उकरू नकोस.” मला ते पटले नाही. लाज वाटायचीच असेल तर ती त्या बाईला का वाटावी? मी दोन्ही गोष्टी लिहिल्या, आणि कोणती कोणी सांगितली तेही शेजारी लिहिले.

मोक्याला पाठवायचे पत्र तयार आहे. परवा आत्याचा फोन आला. काकूचे माहेर आचऱ्याचे, एवढे तिला आठवले. मे महिन्यात मी आचऱ्याला जाणार आहे.