खेळाचा तास मुलींचाही

(वस्तीतल्या महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



शाळेच्या वेळापत्रकात ‘शा. शि.’ असा एक तास असतो. तो प्रत्यक्षात कसा जातो, हे आपल्यापैकी किती जणींनी पाहिलंय? गणिताचा धडा मागे पडला की पहिला बळी याच तासाचा. परीक्षा जवळ आली की तो बंदच. आणि झालाच, तर मैदानभर मुलगे क्रिकेट खेळतात, मुली भिंतीच्या सावलीला बसतात. कुणी वर्ग झाडायला जाते, कुणी पाणी भरायला.

आया मला म्हणतात, “ताई, पोरीला अभ्यासाला पाठवलंय, उड्या मारायला नाही.” पोटाला चिमटा घेऊन शिकवणाऱ्या बाईला एकेक तास मोलाचा वाटणारच. म्हणूनच सांगते, हा तास अभ्यासातून वजा होत नाही.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात २००९ मध्ये एक छोटा प्रयोग झाला. नऊ-दहा वर्षांच्या २० मुलांना एकदा २० मिनिटं भरभर चालवलं, एकदा नुसतं बसवून ठेवलं. चालून आल्यावर त्यांचं लक्ष अधिक टिकलं, वाचून समजण्याच्या चाचणीतही ती सरस ठरली. एवढ्या लहान प्रयोगावर सगळी भिस्त ठेवू नये. पण २०१० मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य केंद्राने ५० अभ्यास एकत्र तपासले. शारीरिक शिक्षणाला वेळ दिल्याने मुलं अभ्यासात मागे पडत नाहीत, उलट काही बाबतींत फायदाच होतो, असं त्यातून दिसलं. कारण समजायला सोपं आहे. धावल्याने हृदय जोरात चालतं, मेंदूला रक्त जास्त मिळतं, मरगळ जाते. तासन् तास बसून आपलं तरी लक्ष कुठे लागतं?

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगात ११ ते १७ वयातल्या ७८ टक्के मुलग्यांना ती पुरेशी मिळत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होतं.

आपल्याकडे मुलगी सहावी-सातवीत गेली, की ‘आता मोठी झालीस, नीट बस’ सुरू होतं. ओढणी सावरत खो-खो कसा खेळणार? पाळीच्या दिवसांत शाळेत धड संडास नाही, पाणी नाही. त्यात अंगात रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. दमणाऱ्या मुलीला ‘आळशी’ म्हणून बाजूला बसवू नका. तिचं रक्त तपासून घ्या, तिच्या ताटात काय पडतं ते बघा. आणि ‘घरी कामं करते, तोच व्यायाम’ असंही म्हणू नका. हंडा वाहणं हे कष्ट आहेत. खेळात ती स्वतःच्या मर्जीने धावते, डाव आखते, हरते, पुन्हा उठते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. प्रत्येकीला चषक मिळणार नाही, पण मैदान प्रत्येकीला मिळायला हवं.

ते मागायची जागा आपल्याकडे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मैदान आणि मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह, दोन्ही नमूद आहेत. याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. नुसत्या सहीपुरत्या जाऊ नका. तीन गोष्टी विचारा: या महिन्यात खेळाचे किती तास झाले? त्यांत मुली किती खेळल्या? त्या वेळी वर्ग कोण झाडत होतं?

लंगडी, लगोरी, खो-खो, फुगडी यांना पैसे लागत नाहीत. लागते ती जागा आणि वेळ. आपल्या मुलींच्या वाट्याची ही जागा आणि हा वेळ आपणच मागून घेऊ या.