ती कॅप्सूल गिळायची नसते

मी सैन्यातून कर्नल म्हणून निवृत्त झालो, आता महूला राहतो. लढाईच्या गोष्टी ऐकायला आला असाल तर निराशा होईल. आज मी माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे.

तीस वर्षं सिगरेट ओढली. उंचावरच्या ठाण्यांवर रॉकेलच्या बुखारीचा धूरही भरपूर घेतला. साठीत जिना चढताना धाप लागायला लागली. जोरात फुंकायची ती तपासणी, स्पायरोमेट्री, झाली आणि निदान आलं: सीओपीडी. डॉक्टरांनी टायोट्रोपियम लिहून दिलं. १८ मायक्रोग्रॅमची कॅप्सूल, दिवसातून एकदा, आणि सोबत एक छोटं यंत्र. ‘कसं घ्यायचं कळलं ना?’ त्यांनी विचारलं. मी ‘हो’ म्हणालो. बाहेर वीस माणसं थांबलेली, आणि कर्नलला कळलं नाही असं कसं म्हणायचं?

घरी येऊन मी ती कॅप्सूल रोज पाण्याबरोबर गिळू लागलो. यंत्र फार दम लागला तर वापरायचं असेल, असं मीच ठरवून टाकलं. तीन आठवड्यांनी एका रात्री बाथरूमपर्यंत जाऊन आलो आणि बोलताना वाक्य पुरं होईना. दवाखान्यात नेलं. दम आटोक्यात आल्यावर तिथल्या सिस्टर म्हणाल्या, ‘काका, औषध कसं घेता ते दाखवा.’ मी पाण्याचा ग्लास मागितला. बायको म्हणाली, ‘अहो, मग ते यंत्र कशासाठी दिलंय?’

असा मी एकटाच नाही. श्वासातून घ्यायच्या कॅप्सूल लोक गिळतात म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेला २००८ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला होता. गिळलेली पावडर फुप्फुसात पोचतच नाही.

आता बरोबर पद्धत. हात कोरडे हवेत. कॅप्सूल पाकिटातून ऐन वेळी काढायची, ती दमट हवेत खराब होते. यंत्रात घालून बटण दाबलं की तिला भोक पडतं. आधी तोंड बाजूला करून श्वास पूर्ण सोडा, यंत्रात फुंकू नका. मग ओठ घट्ट मिटून तोंडानं खोल श्वास ओढा. माझ्या यंत्रात कॅप्सूल थरथरल्याचा आवाज येतो, तो आला पाहिजे. दहा सेकंद, नाहीतर जमेल तेवढा वेळ, श्वास रोखा. त्याच कॅप्सूलमधून दुसऱ्यांदा ओढा, म्हणजे आत काही उरत नाही. तुमचं यंत्र वेगळं असेल तर त्याची रीत डॉक्टरांकडून किंवा औषधवाल्याकडून समजून घ्या.

दुसरी गोष्ट. हे औषध पहारेकऱ्यासारखं आहे. चोवीस तास नळ्या उघड्या ठेवतं, पण अचानक दम लागला तर उपयोगाचं नाही. त्यासाठी साल्ब्युटॅमॉलसारखा लगेच काम करणारा पंप वेगळा असतो, तो हाताशी ठेवा. दम लागला म्हणून टायोट्रोपियमची दुसरी कॅप्सूल घेऊ नका. एखादा दिवस चुकला तरी दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं बंदही करू नका. आणि पंपानंही दम उतरत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर घरी थांबू नका.

तिसरी गोष्ट आपल्या वयाच्या पुरुषांसाठी. प्रोस्टेट वाढलेली असेल किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. या औषधानं लघवी अडू शकते. पावडर डोळ्यात जाऊ देऊ नका. डोळा दुखला, दिव्याभोवती वलयं दिसली तर लगेच दाखवा. तोंडाला कोरड पडते, ती मलाही पडते, पाणी पीत राहतो. तुमच्या औषधात स्टेरॉइडही असेल तर घेतल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात बुरशी येते.

आणि सिगरेट सोडा. तिच्यापुढे कुठलंच औषध पुरं पडत नाही.

सैन्यात हुकूम मिळाला की तो परत म्हणून दाखवतात, म्हणजे ऐकण्यातली चूक तिथंच सापडते. मी हे जवानांना आयुष्यभर शिकवलं आणि डॉक्टरांसमोर स्वतःच विसरलो. पुढच्या वेळी जाताना यंत्र बरोबर न्या. सांगा, ‘डॉक्टर, मी घेऊन दाखवतो, चुकतंय का बघा.’ दोन मिनिटं लागतात. मागची रांग थांबेल.