पदवी घराशी आली. तिचा अधिकार तपासा
(बीड जिल्ह्यातील विद्यार्थी व पालक यांच्या सभेत एका वकिलाने केलेले भाषण)



दूरशिक्षणाने, आणि आता इंटरनेटवरून, घरबसल्या मिळणारी पदवी हा आजचा विषय आपण मला दिला आहे. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. कायद्याच्या महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेला एक वकील आहे. तेव्हा पदवी म्हणजे काय, याचा विचार मी कायद्याच्या बाजूने करणार आहे. आपणांपैकी कित्येक घरांत मोबाईलवर जाहिराती येऊन पोहोचल्या आहेत. शेजारच्या राज्यातील विद्यापीठ, शेजारच्या देशातील विद्यापीठ, वर्गात बसण्याची गरज नाही, घरी बसून पदवी घ्या, असे त्यांत म्हटलेले असते. ही वाट खरी की खोटी, असा प्रश्न आपण विचारता. माझे उत्तर असे की वाट खरी आहे. परंतु तिच्या दारावर कोणाची सही आहे हे पाहिल्याशिवाय आत पाऊल टाकू नये.

प्रथम ही वाट आपल्याकरिता का महत्त्वाची आहे ते सांगतो. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातील गावेच्या गावे ओस पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, फडावरच राहतात. आई-बाप फडावर असता घर, म्हातारी माणसे आणि धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या तरुणाने रोज दहा वाजता महाविद्यालयात हजर कसे राहावे? पंच्याहत्तर टक्के हजेरीचा नियम त्याच्याकरिता केलेला नाही. ज्या शिक्षणपद्धतीत विद्यार्थी फडावर असला तरी पुस्तक त्याच्यापर्यंत येते आणि परीक्षा तेवढी त्याने केंद्रावर जाऊन द्यावयाची असते, ती पद्धती त्याच्यावर उपकार करीत नाही. त्याचा हक्क ती त्याला परत देते.

सीमेपलीकडील पदवी ही मराठवाड्याला नवी गोष्ट नव्हे. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ दूर हैदराबादेस, आणि त्याचे माध्यम उर्दू. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल त्या विद्यापीठातून विद्यार्थी काढून टाकण्यात आले, तेव्हा शेजारच्या प्रांतातील नागपूर विद्यापीठाने त्यांपैकी अनेकांना प्रवेश दिला. एका राज्याने बंद केलेले दार दुसऱ्या राज्याने उघडले. पुढे १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेस महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. त्यानंतर आठ वर्षांनी, १९५८ साली, मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. आज त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव आहे.

वर्गात न बसता परीक्षा देऊन पदवी घेण्याची कल्पनाही जुनी आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ साली आपल्या परीक्षा बाहेरच्या विद्यार्थ्यांना खुल्या केल्या. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांच्यासाठी या नाशिकच्या विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रमाची वाट काढली आणि हजारो संसारी स्त्री-पुरुष त्या वाटेने पुन्हा पुस्तकाकडे वळले.

खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. कोलंबिया विद्यापीठातील अभ्यास संपवून त्यांनी १९१६ साली अमेरिका सोडली. त्यांचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने छापला गेला आणि पीएच.डी. ही पदवी त्यांना १९२७ साली मिळाली. त्या वेळी ते मुंबईत होते. पदवी समुद्रापलीकडून आली म्हणून तिचे मोल कमी झाले नाही. कारण ती देणाऱ्या संस्थेला तसा अधिकार होता आणि घेणाऱ्याने तिच्यासाठी विद्या केली होती. बंधूंनो, पदवीचे हे दोन पाय आहेत. विद्या हा एक पाय आणि अधिकार हा दुसरा. एकच पाय असलेली पदवी नोकरीच्या दारापर्यंत लंगडत जाते आणि तेथे कोसळते.

ती कशी कोसळते हे मी पाहिले आहे, आणि त्यात माझाही दोष आहे. तो मी या सभेसमोर सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी धारूर तालुक्यातील एक ऊसतोड बाई न्यायालयाच्या आवारात माझ्या टेबलापाशी आल्या. हातात एक चकचकीत माहितीपत्रक होते. “वकीलसाहेब, पोराला यात घालायचंय. हे खरं हाय का, तेवढं बघून सांगा,” असे त्या म्हणाल्या. मी पत्रक चाळले. परराज्यातील विद्यापीठाचे नाव होते, कायद्याचा क्रमांक होता, बोधचिन्ह होते. मला पुढच्या खटल्याची घाई होती. “खरे दिसते,” असे मी सांगून टाकले. त्या बाईंनी उचलीच्या पैशांतून शुल्क भरले. मुलगा हुशार होता. त्याने तीन वर्षे मनापासून अभ्यास केला, पदवी घेतली आणि पुढे एका भरतीत तो गुणानुक्रमाने निवडलाही गेला. मात्र कागदपत्रांच्या तपासणीत त्याचे नाव वगळण्यात आले.

मी कागद पुन्हा उघडले तेव्हा खरी गोष्ट उमगली. विद्यापीठ खोटे नव्हते. परंतु आपल्या राज्याबाहेर, या जिल्ह्यात, अभ्यासकेंद्र चालविण्याचा त्याला अधिकार नव्हता, आणि त्या वर्षी त्या शिक्षणक्रमास दूरशिक्षणाची मान्यताही नव्हती. मी शिक्का पाहिला. अधिकार पाहिला नाही. ज्याने कायदा शिकून तो पाहिला नाही, त्याने न शिकलेल्या आईला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

म्हणून आता कायदा काय म्हणतो ते ऐका. विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ सालचा आहे. त्याच्या कलम २२ प्रमाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, अथवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच पदवी देता येते. दुसऱ्या कोणालाही नाही. परंतु हे कलम मोडणाऱ्यास शिक्षा काय? कलम २४ प्रमाणे फार तर एक हजार रुपये दंड! एका विद्यार्थ्याच्या एका सत्राच्या शुल्काहूनही तो कमी भरेल. पिढ्या उलटल्या, पण हा आकडा हलला नाही. फसविणाऱ्याचा धोका हजार रुपयांचा आणि फसणाऱ्याचा धोका आयुष्याच्या तीन वर्षांचा, हा न्याय नव्हे. हा दंड गुन्ह्याच्या तोलाचा व्हावा, ही मागणी आपण ठराव करून सरकारकडे पाठविली पाहिजे.

न्यायालयांनी या प्रश्नावर जे निर्णय दिले तेही आपणांस ठाऊक असावेत. आपल्या शेजारच्या छत्तीसगड राज्याने २००२ साली कायदा करून थोड्याच अवधीत शंभरावर खाजगी विद्यापीठांना मान्यता दिली. कित्येकांना इमारतही नव्हती. प्रा. यशपाल यांनी आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये त्या कायद्यातील मुख्य तरतुदी रद्द केल्या. राज्याच्या विधिमंडळाला आपल्या हद्दीपुरताच कायदा करता येतो. राज्याबाहेर केंद्रे उघडण्याची मुभा ते विद्यापीठाला देऊ शकत नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्था राज्यातील जुन्या विद्यापीठांशी जोडून घेण्याची वाट न्यायालयाने ठेवली.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ओरिसा लिफ्ट इरिगेशन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा विचार केला. २००१ ते २००५ या काळातील विद्यार्थ्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना परीक्षेची एक संधी देण्यात आली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या. नोकरीत, बढतीत असलेली माणसे एका निकालाने पदवीहीन झाली.

हे ऐकून घाबरून जाऊ नका. कायद्याची दुसरी बाजूही आहे. आयोगाने सप्टेंबर २०२० मध्ये मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाचे विनियम केले. मान्यताप्राप्त विद्यापीठाने रीतसर परवानगीने या पद्धतींनी दिलेली पदवी वर्गात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची आहे, असे त्यांत म्हटले आहे. ऑनलाइन शिक्षणक्रमाला राज्याच्या हद्दीचे बंधनही नाही. म्हणजे पाटोद्याच्या मुलीने परवानगी असलेल्या परराज्यातील विद्यापीठाची ऑनलाइन पदवी घेतली, तर “ही दुय्यम पदवी” असे तिला कोणी म्हणू नये. म्हटल्यास तिने विनियम दाखवावा.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. पहिला, हे विद्यापीठ कोणत्या कायद्याने स्थापन झाले? दुसरा, हाच शिक्षणक्रम, याच पद्धतीने, याच वर्षी चालविण्याची परवानगी त्याला आहे काय? विद्यापीठाचे नाव यादीत असणे पुरेसे नाही. शिक्षणक्रमाचे नाव आणि सत्र पाहावे. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ही यादी असते, आणि २०२४ पासून विद्यार्थ्याला स्वतःचा क्रमांकही तेथेच घ्यावा लागतो. तिसरा, मला जो व्यवसाय करावयाचा आहे त्याला ही पद्धत चालते काय? वैद्यक, परिचर्या, अभियांत्रिकी आणि आमचा कायदा हे शिक्षणक्रम या मार्गाने मान्य होत नाहीत. घरबसल्या वकील करून देतो असे म्हणणारा मनुष्य लबाड आहे. चौथा, पैसे कोणाच्या हाती जात आहेत? विद्यापीठाला आपले काम दलालाच्या दुकानावर सोपविता येत नाही. शुल्क थेट विद्यापीठाकडे भरा आणि पावती जपून ठेवा.

परदेशी विद्यापीठाचा विचार असेल तर सावधगिरी दुप्पट हवी. ती पदवी त्या देशात मान्य आहे एवढ्याने आपले काम भागत नाही. ती येथे समकक्ष ठरावी लागते. एप्रिल २०२५ मध्ये आयोगाने या समकक्षतेचे विनियम केले, आणि दुकानदारी पद्धतीने दिलेल्या परदेशी पदव्या त्यांतून वगळल्या. एप्रिल २०२२ मध्ये तर आयोगाने व तंत्रशिक्षण परिषदेने जाहीर केले की भारतीय नागरिकाने पाकिस्तानात घेतलेल्या शिक्षणाच्या आधारावर त्याला येथे नोकरी वा उच्च शिक्षण मिळणार नाही. त्या पदवीमागील विद्या कितीही खरी असली तरी येथे तिचा उपयोग नाही. म्हणून समकक्षतेचे उत्तर आधी लेखी मिळवा; प्रवेश त्यानंतर.

शेवटी त्या मुलाविषयी सांगतो. त्याने महाराष्ट्रातील मुक्त विद्यापीठात पुन्हा पहिल्या वर्षापासून नाव घातले आणि दुसऱ्यांदा पदवीधर झाला. त्याची तीन वर्षे मात्र मी परत देऊ शकलो नाही. गेल्या वर्षी त्या बाई पुन्हा माझ्याकडे आल्या. या वेळी धाकट्या मुलीचे माहितीपत्रक हातात होते. त्या मला रागे भरल्या नाहीत. पत्रक टेबलावर ठेवून एवढेच म्हणाल्या, “साहेब, या टायमाला नीट बघा.” मी ते तीन दिवस पाहिले.

मुलांना शिकवा, पण पदवीचा कागद डोळे उघडे ठेवून घ्या. आणि आपल्या समाजात जो कोणी चार अक्षरे अधिक शिकला असेल, त्याने आपल्या दाराशी आलेल्या आईचा कागद घाईने परत करू नये.

जय भीम!