गुडघ्याची वेदना आणि देहाचे चलनवलन

(श्रींच्या वर्धापनोत्सवानिमित्त सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्या मंडपात कीर्तने, प्रवचने आणि नाट्यप्रयोग व्हावयाचे, तेथे गुडघ्यांवर व्याख्यान द्यावयाचे म्हणजे थोडे धाडसच आहे. परंतु समितीने हा विषय पुष्कळ विचार करूनच सुचविला असावा. आरतीच्या वेळी भिंतीलगत मांडलेल्या खुर्च्या आपण सर्वच पाहतो. पूर्वी तेथे दोन-चार अतिवृद्ध मंडळी दिसत. आता पन्नाशी नुकतीच ओलांडलेल्या भगिनीही त्या रांगेत असतात. आणि खुर्चीपर्यंत येऊन पोहोचणारे तरी भाग्यवान म्हणायचे. पायऱ्या चढवत नाहीत म्हणून ज्यांनी उत्सवास येणेच सोडले, ती माणसे तर आपणांस दिसतही नाहीत. माझ्या बोलण्याचा रोख मुख्यतः त्यांच्याकडे आहे.

ज्या विकाराला वैद्यकात ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, त्याला आपण सरसकट ‘संधिवात’ म्हणून मोकळे होतो. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते; ते विरळ होते, कडेला हाडाची टोके वाढतात, आतले अस्तर अधूनमधून सुजते आणि भोवतालचे स्नायू अशक्त होतात. यंत्राचा भाग घासून जावा तसे हे आहे, अशी उपमा डॉक्टर मंडळीही देतात. मला ती फारशी पसंत नाही. यंत्र वापरले नाही तर ते झिजत नाही. सांधा मात्र वापरला नाही तर अधिकच बिघडतो, कारण कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दाब पडणे आणि सुटणे या क्रियेतूनच तिला सांध्यातील द्रवामार्फत पोषण मिळते. ‘झीज झाली आहे, आता जपून राहा’ हे वाक्य ऐकून किती माणसांनी अंथरूण जवळ केले असेल, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

चरकसंहितेच्या वातव्याधींच्या अध्यायात सांध्यातील वाताचे जे वर्णन आहे, त्यात वाऱ्याने भरलेल्या पखालीसारखा स्पर्श आणि सूज यांच्याबरोबर सांधा पसरताना व आखडताना होणारी वेदना सांगितली आहे. सांधा हलताना काय होते, याकडे त्या ग्रंथकाराचे लक्ष होते. आधुनिक काळात मात्र काही दशके आपले सारे लक्ष क्ष-किरण चित्राकडे गेले. १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स या संशोधकांनी अशा चित्रांची शून्य ते चार अशी प्रतवारी सिद्ध केली. ती आजही वापरात आहे आणि उपयुक्तही आहे. तथापि चित्रातील प्रत आणि माणसाचे दुखणे यांचा मेळ फार सैल असतो, हे नंतरच्या पाहण्यांत वारंवार आढळून आले. चित्र वाईट असूनही आनंदाने प्रदक्षिणा घालणारे पुष्कळ आहेत, आणि चित्र जवळजवळ निर्दोष असूनही रात्र रात्र कण्हणारेही आहेत. म्हणून ‘तुमचा गुडघा संपला’ असा निवाडा केवळ फिल्म उजेडासमोर धरून कोणी दिला, तर तो शांतपणे ऐकून घ्यावा आणि मग त्यास विचारावे, की माझे चालणे तुम्ही पाहिले का?

वेदना मोजायची तरी कशी? ती काही रक्तातील साखर नव्हे. या प्रश्नाला कॅनडातील संशोधकांनी एक व्यवहार्य उत्तर दिले. बेलामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती ‘वोमॅक’ या नावाने जगभर रूढ झाली. तीत चोवीस प्रश्न आहेत. पाच वेदनेविषयी, दोन आखडलेपणाविषयी आणि उरलेले तब्बल सतरा प्रश्न दैनंदिन हालचालींविषयी. जिना उतरताना किती त्रास होतो? बसल्याजागेवरून उठताना? बाजारहाट करताना? रुग्णाला नेमके काय करता येत नाही, याला एवढे महत्त्व द्यावे, हा त्या प्रश्नावलीतला मोठा विचार होय.

पण त्या सतरा प्रश्नांत मोजे घालणे आहे, मोटारीत चढणे-उतरणे आहे, न्हाणीच्या टबात शिरणे आहे. मांडी घालून बसणे नाही आणि उकिडवे बसणेही नाही. जी माणसे जमिनीवर जेवतात, जमिनीवर पूजेला बसतात, विळीवर बसून नारळ खोवतात, त्यांच्या आयुष्यातील निम्मी हालचाल त्या कागदावर उमटतच नव्हती. पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हूमॅटिक डिसीझेस या संस्थेत डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय राहणीला अनुसरून या प्रश्नावलीत फेरबदल केले. याच डॉक्टरांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी घरोघर जाऊन पाहणी सुरू केली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने आखलेल्या योजनेतील भारतातील ती पहिली पाहणी. सांधेदुखी हा शहरातल्या सुखवस्तू माणसांचा आजार आहे, ही समजूत शेतात राबणाऱ्या गावानेच खोटी ठरविली. मराठी मुलखात झालेले हे काम आपल्याला माहीत असावयास हवे, आणि ते फारसे कोणास माहीत नाही, याचा मला खेद वाटतो.

अशी मोजमापे हाती आल्यावर काही मातब्बर उपचारांची परीक्षा झाली. त्यांतली एक जरा सविस्तर सांगतो. गुडघ्यात दुर्बीण घालून आतला भाग धुऊन काढणे, खडबडीत कूर्चा तासणे, ही शस्त्रक्रिया एके काळी सर्रास होत असे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात मोझली आणि सहकाऱ्यांनी १८० रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटाचा गुडघा तासला, दुसऱ्याचा नुसता धुतला आणि तिसऱ्याच्या त्वचेवर केवळ छोटे छेद घेतले. या तिसऱ्या गटासाठीही शल्यचिकित्सकाने नेहमीप्रमाणे हत्यारे मागितली, पाण्याचा आवाज केला आणि रुग्णाला रात्रभर रुग्णालयात ठेवले. आपल्यावर खोटी शस्त्रक्रिया होण्याचा संभव आहे, हे रुग्णांनी आधीच लेखी मान्य केले होते. पुढे दोन वर्षे त्यांची वेदना विचारली गेली, त्यांना चालावयास लावून आणि जिना चढ-उतार करावयास लावून घड्याळ लावले गेले. खऱ्या शस्त्रक्रियेचे दोन्ही गट कोणत्याही टप्प्यावर खोट्या शस्त्रक्रियेच्या गटापेक्षा सरस ठरले नाहीत. हे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले तेव्हा आमच्या व्यवसायात बरीच खळबळ उडाली. रुग्णांना बरे वाटले होते, हे कोणी नाकारीत नाही; ते बरे वाटणे हत्याराच्या धारेमुळे नव्हते, एवढेच सिद्ध झाले. सांधा अचानक अडकून बसत असेल, तर त्याचा विचार वेगळा करावा लागतो. पण नुसत्या झिजेसाठी कोणी गुडघा ‘धुऊन’ देऊ लागले, तर नम्रपणे नकार द्यावा.

ग्लुकोसामीन आणि कॉन्ड्रॉइटिन या गोळ्यांचे डबे परदेशातली मुले आईवडिलांना आवर्जून पाठवितात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या १५८३ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत त्या गोळ्या, एकूण रुग्णांचा विचार करता, औषध नसलेल्या गोळीहून सरस ठरल्या नाहीत. मौजेची गोष्ट म्हणजे औषध नसलेल्या गोळीनेही शंभरात साठ जणांना आराम वाटला! मुलांचे प्रेम गोड मानून घ्यावे, डब्याची किंमत मात्र त्यांना वाचविण्यास सांगावी. सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्याने काही आठवडे उतार पडतो, हे खरे. परंतु दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते घेणाऱ्यांची कूर्चा, मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा अधिक विरळ झाली आणि वेदनेत फरक पडला नाही, असे २०१७ मधील एका चाचणीत दिसून आले. वेदनाशामक गोळ्यांविषयी इतकेच सांगतो, की त्या जठर, मूत्रपिंड आणि हृदय यांच्याकडून किंमत वसूल करतात. रक्तदाबाच्या रुग्णांनी त्या दुकानातून परस्पर आणू नयेत.

आयुर्वेदाविषयी येथे प्रश्न येणारच, म्हणून आधीच बोलतो. वर उल्लेखिलेल्या डॉ. चोप्रांच्या गटाने सुंठ, गुळवेल आदी वनस्पतींच्या प्रमाणित योगांची ४४० रुग्णांवर चोवीस आठवडे तुलना केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात ती औषधे सेलेकॉक्सिब व ग्लुकोसामीन यांच्या तोडीची ठरली; मात्र काही रुग्णांच्या यकृताच्या तपासणीतील आकडे वाढल्याचेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदविले. ‘वनस्पतीचे औषध, त्याने अपाय कसा होईल’ असे म्हणणाऱ्यांनी ही नोंद ध्यानात ठेवावी.

आता ज्या उपायांची जाहिरात होत नाही, त्यांकडे वळू. १९९७ साली अमेरिकेत साठ वर्षांवरील ४३९ गुडघेदुखीच्या रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाने नियमाने चालण्याचा व्यायाम केला, दुसऱ्याने स्नायू बळकट करणारा, तिसऱ्यास केवळ आरोग्यविषयक माहिती दिली. अठरा महिन्यांनंतर व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांची वेदना माहितीच्या गटापेक्षा कमी आणि कामाची क्षमता अधिक होती. फायदा माफक होता, हे मी लपवीत नाही. पण २०२० साली अमेरिकी लष्करी रुग्णालयांतील १५६ रुग्णांत फिजिओथेरपी आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन यांची तुलना झाली, तेव्हा वर्षअखेर फिजिओथेरपीचा गट वोमॅकच्या मापाने स्पष्टपणे पुढे होता.

वजनाचा हिशेब तर फारच बोलका आहे. शरीराचे वजन एक किलोने घटले, की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे मेसियर यांनी २००५ साली दाखविले. त्यांच्याच २०१३ मधील अभ्यासात ४५४ स्थूल व्यक्तींपैकी आहारनियमन आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांनी अठरा महिन्यांत सरासरी दहा टक्क्यांहून अधिक वजन घटविले आणि केवळ व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांची वेदना कमी झाली. २०२४ साली सेमाग्लुटाइड या वजन घटविणाऱ्या इंजेक्शनानेही गुडघेदुखी कमी होते, असे सिद्ध झाले. पण ते महाग आहे आणि वैद्यकीय देखरेखीवाचून घेण्याजोगे नाही.

व्यायाम म्हणजे काय करावयाचे? मांडीच्या पुढचा स्नायू हा गुडघ्याचा खरा आधार. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, पाच-सहा सेकंद ताणून धरावा, सोडावा. प्रत्येक पायाने दहा वेळा. मग हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठावे आणि सावकाश बसावे. पहिल्या पंधरवड्यात थोडे दुखेल. दुखणे त्याच दिवशी शमले तर चिंता नको. दुसऱ्या दिवसापर्यंत वाढलेले राहिले, तर प्रमाण घटवावे, व्यायाम सोडू नये. आपल्याकडे घरात सून किंवा लेक म्हणते, ‘आई, तुम्ही बसा, मी करते.’ या मायेने आईचा मांडीचा स्नायू अशक्त होत जातो. तिला पाटावर बसवू नका. उभ्याने करावयाची कामे तिच्याकडे आवर्जून राहू द्या.

मांडी घालून बसणे अजिबात सोडावे का, असे मला हमखास विचारले जाते. चीनमधील बीजिंग येथील पाहणीत, तरुणपणी दररोज दीर्घकाळ उकिडवे बसणाऱ्यांत पुढे गुडघ्याची झीज अधिक आढळली. तेथील वृद्ध स्त्रियांत तिचे प्रमाण अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या स्त्रियांपेक्षाही जास्त होते. तेव्हा तासन् तास उकिडवे बसून काम करणे टाळावे, हे मी निःसंदिग्धपणे सांगतो. विळी ओट्यावर न्यावी. परंतु ज्यांस जमते, त्यांनी आरतीपुरते, जेवणापुरते जमिनीवर बसावे. जमिनीवरून उठणे हाही एक व्यायाम आहे, आणि एकदा सुटला की तो सहसा परत येत नाही. ज्यांस जमत नाही, त्यांनी पाय लांब करून किंवा चौरंगावर बसावे. देव त्यावरून कोणास उणे लेखीत नाही.

राहता राहिली सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया. ती थोर आहे, याविषयी शंका नको. डेन्मार्कमध्ये शंभर रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रिया व व्यायाम मिळालेल्या गटाची सुधारणा केवळ व्यायाम-आहाराच्या गटाच्या दुप्पट होती. मात्र गंभीर गुंतागुंतीही त्याच गटात अधिक झाल्या. दुसऱ्या गटातील सुमारे एकचतुर्थांश रुग्णांनी वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घेतली. म्हणजे उरलेल्या तीनचतुर्थांशांना त्या वर्षात तिची गरज भासली नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, त्यामुळे सामान्य कुटुंबांचा भार हलका झाला; तरी रुग्णालयाचा एकूण खर्च आजही थोडा नाही. तीन महिने मनापासून व्यायाम करूनही रात्रीची झोप लागत नसेल, घराबाहेर पडणे थांबले असेल, तर शस्त्रक्रियेस भिऊ नये. तत्पूर्वी शल्यचिकित्सकास एक प्रश्न अवश्य विचारावा: यानंतर मला जमिनीवर बसता येईल का? बहुतेक वेळा उत्तर ‘शक्यतो नको’ असे असते. ते ऐकूनच निर्णय घ्यावा, आणि तो घेताना ज्याचा गुडघा आहे त्याचे मत मुलाबाळांच्या मतापेक्षा वरचढ मानावे.

कागदावर लिहून आणलेले एवढेच होते. प्रसादास अद्याप अर्धा तास अवकाश आहे, असे अध्यक्षांनी सांगितले आहे. कोणास काही विचारावयाचे असल्यास खुशाल विचारावे. ज्यांस गुडघा दाखवावयाचा असेल, त्यांनी अग्रशाळेच्या ओसरीवर यावे, मी तेथे थांबतो.