खणाचा सांधा आणि साचा

आमचं अंजनवेल दाभोळच्या खाडीच्या मुखाशी. इथला खारा वारा खिळ्यांना लवकर गंज आणतो. खिळा गंजला की खणाची पुढची फळी हातात येते. म्हणून मी खणाला डव्हटेल सांधाच करतो. पारव्याच्या पसरट शेपटीसारखे दाते समोरच्या खाचांत बसतात आणि ओढलं तरी सुटत नाहीत. पावसाळ्यात लाकूड शिरांना आडवं फुगतं. पण चारही फळ्यांच्या शिरा लांबीत ठेवल्या की त्या सारख्याच फुगतात, सांधा उकलत नाही.

वर्षाकाठी एक-दोन पेट्या करणाऱ्याने यासाठी साचा, म्हणजे जिग, घ्यावा का? राउटरवरचा साचा दाते झटपट पाडतो. मात्र पात्याची खोली जुळेपर्यंत टाकाऊ तुकड्यांवर चाचण्या घ्याव्या लागतात. साध्या साच्यात दात्यांचं अंतर ठरलेलं असतं. फळीची रुंदी त्या हिशेबाने ठेवावी लागते. अंतर बदलता येणारा साचा महाग पडतो. डझनभर खण करायचे असतील, तर हा खटाटोप फळतो.

एरवी उतार आखायचं माप लाकडाच्या तुकड्यातून घरीच करा. कठीण लाकडाला उतार १:८, मऊ लाकडाला १:६. आधी शेपट्या कापा, त्या दुसऱ्या फळीवर ठेवून खुणा करा, आणि करवत खुणेच्या टाकाऊ बाजूनेच चालवा. साच्यासाठी राखलेले पैसे आधी बारीक दातांची करवत, गुण्या आणि चांगली पटाशी यांवर घाला. पटाशीला धार असली की सांधा घट्ट बसतो.