संगणकाच्या गाभ्यांतील अपघात

शुक्रवार, ता. १९ जुलै २०२४ रोजीं मुंबईच्या विमानतळावर उतारूंच्या रांगा वाढत चालल्या, आणि देशांतील कित्येक विमानतळांवर कर्मचाऱ्यांना उतारूंचीं प्रवेशपत्रें हातानें लिहून द्यावीं लागलीं. संगणकांचे पडदे निळे पडले होते. यंत्र पुन्हां सुरू होई, आणि पुन्हां पडदा निळा होई. एकट्या इंडिगो कंपनीला सुमारें २०० उड्डाणें रद्द करावीं लागलीं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें जगांतील सुमारें ८५ लाख यंत्रें त्या दिवशीं अशीं बंद पडलीं. हा शत्रूचा हल्ला नव्हता, कीं कोणा चोराची करामतहि नव्हती. संगणकाच्या गाभ्यांत वावरणाऱ्या एका प्रोग्रॅमनें जेथें पाहूं नये तेथें पाहिलें, एवढेंच घडलें होतें.

एखादा खेळाचा किंवा पत्रलेखनाचा प्रोग्रॅम चुकला, तर तो आपल्यापुरता बंद पडतो; शेजारच्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. मग येथें एका चुकीनें सबंध यंत्र कां बसलें? या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास गाभ्याची रचना थोडी समजून घेतली पाहिजे.

ज्यास तज्ज्ञ लोक कर्नल म्हणतात, त्याचा सैन्यांतील कर्नलशीं कांहीं संबंध नाहीं. शब्दाचा मूळ अर्थ गर. काजूच्या टणक कवचांत जसा काजूगर, तसा संगणकाच्या कारभारांत हा गर. रत्नागिरीकरांस याहून अधिक सांगणें नको. स्मृति कोणास किती द्यावी, कोणाचें काम आधीं व कोणाचें मागाहून, हें सारें तो ठरवितो. इतर सर्व प्रोग्रॅम कवचाबाहेरचे. त्यांना जें हवें तें या गराकडे मागावें लागतें.

स्मृति, म्हणजे मेमरी, ही क्रमांक घातलेल्या घरांची एक अतिशय लांब आळी आहे असें समजावें. गाभा प्रत्येक प्रोग्रॅमला कांहीं घरें नेमून देतो, आणि प्रोसेसर प्रत्येक वेळीं पत्ता ताडून पाहतो. पत्ता लागला नाहीं कीं तो हातचें काम थांबवून गाभ्याला हांक मारतो. या हांकेला पेज फॉल्ट असें नांव आहे. परंतु त्यांतील बहुतेक हांकांत कोणाचाच दोष नसतो. घर नेमलेलें असतें, फक्त त्यांतील सामान अजून डिस्कवरून आणलेलें नसतें. गाभा तें आणवितो आणि प्रोग्रॅम पुढें चालूं लागतो. दिवसभरांत असें असंख्य वेळां घडतें व कोणाला कळतहि नाहीं. घर खरोखरीच नेमलेलें नसेल, तर मात्र गाभा त्या प्रोग्रॅमला बाहेर काढतो. यंत्र आपलें चालूच राहतें.

आतां ड्रायव्हर. मोटर हांकणारा तो निराळा. छापण्याचें यंत्र, डिस्क, तारेचें जाळें, अशा प्रत्येक उपकरणाची भाषा जाणणारा एक दुभाषी लागतो, आणि बहुतेक ड्रायव्हर हे दुभाषी गाभ्याच्या आंतच बसविलेले असतात. त्यांच्यावर गाभ्याइतकाच विश्वास टाकलेला असतो. सारी आळी त्यांना मोकळी असते, आणि धोका नेमका या मोकळिकींत आहे.

त्यांतून उपकरणांच्या घरांची गोष्ट आणखी चमत्कारिक. आळींतील कांहीं क्रमांकांवर घरेंच नसतात. तेथें उपकरणाच्या खिडक्या असतात. साध्या घरांतील मजकूर दहा वेळां वाचला तरी तो तोच राहतो. खिडकीशीं नुसतें विचारलें तरी पलीकडे कांहीं तरी हालचाल होऊं शकते, आणि दुसऱ्यांदा विचारल्यास उत्तर बदलूं शकतें. मग ड्रायव्हर विचारीत असतांनाच कोणीं उपकरण उपसून काढलें तर? आजच्या पुष्कळशा यंत्रांत अशा वेळीं उत्तर येतें, पण तें खोटें असतें: सर्व अंक एक. अननुभवी ड्रायव्हर हा मोठा आंकडा खरा धरून त्यावर पुढील हिशेब करूं लागतो व स्वतः बुडून सर्वांस बुडवितो. जाणता ड्रायव्हर थबकतो, जेथें सर्व एक कधींच येऊं शकत नाहींत अशी दुसरी एखादी खूण वाचून पाहतो, आणि तेथेंहि तेंच आढळलें, तर उपकरण गेलें असें समजून आपलें दप्तर मुकाट्यानें आवरतो. कांहीं जातींच्या यंत्रांत तर असें खोटें उत्तरहि येत नाहीं. प्रोसेसर थेट तक्रार करतो आणि सबंध यंत्र थांबूं शकतें. उत्तर आणि मौन यांतील हा फरक ओळखणें ही ड्रायव्हर लिहिणारांची खरी कसोटी होय.

बाहेरचा प्रोग्रॅम जेव्हां ड्रायव्हरच्या हातीं एखादा पत्ता देऊन येथील मजकूर घ्या असें सांगतो, तेव्हांहि तीच सावधगिरी लागते. लिनक्स नांवाच्या प्रणालींत यासाठीं एक नामी सोय केलेली आहे. असा परका पत्ता ज्या ज्या आज्ञा वाचतात, त्यांची एक यादी गाभा आधींच जवळ बाळगतो आणि प्रत्येकीपुढें, ही फसल्यास अमक्या जागेवरून पुढें चालावें, असें नमूद असतें. पत्ता खोटा निघाला तर ड्रायव्हरला इतकेंच कळतें कीं, इतका मजकूर घेतां आला नाहीं. तो मागणाऱ्याला ‘पत्ता चूक’ असा शेरा मारून परत पाठवितो. कचेरींतील हुशार कारकून अर्जदाराचा अर्ज फेटाळतो, कचेरी बंद करीत नाहीं.

ता. १९ जुलैला ज्या ड्रायव्हरनें घात केला, तो कोणत्याच उपकरणाचा नव्हता. तो क्राउडस्ट्राइक या कंपनीचा पहारेकरी होता. चोर आंत शिरण्यापूर्वीं त्याला पाहतां यावें, म्हणून असे पहारेकरी गाभ्यांतच उभे केलेले असतात. चोरांचीं नवीं लक्षणें त्याला वेळोवेळीं फाइलींतून कळविलीं जात. एका प्रकारच्या लक्षणांसाठीं २१ रकाने ठरले होते. पण ज्या भागानें ते भरून द्यावयाचे, तो २० च देत होता. हा दोष फेब्रुवारी २०२४ पासून तसाच पडून होता. तोंपर्यंत आलेल्या फाइलींत एकविसाव्या रकान्यापुढें ‘कांहींहि चालेल’ अशी खूण असे, त्यामुळें तो कधीं उघडून पाहण्याचा प्रसंगच आला नाहीं, आणि चाचण्याहि सुखरूप पार पडल्या. त्या शुक्रवारीं सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं जी फाइल निघाली, तींत मात्र एकविसावा रकाना तपासण्याची आज्ञा होती. वीस घरांच्या रांगेंत पहारेकरी एकविसाव्या घराचें दार ठोठावूं लागला.

हा पत्ता बाहेरच्या प्रोग्रॅमनें दिलेला असता, तर सांवरतां आलें असतें. पण विंडोज प्रणालींत गाभ्याच्याच मुलखांतील खोटा पत्ता सांवरण्याची सोय नाहीं. तेथें यंत्र थांबविलें जातें. लोकांनीं निळ्या पडद्याला बोल लावला, तो अन्यायाचा होय. ज्या गाभ्याला स्वतःच्याच घरांची खात्री उरली नाहीं, त्यानें चालत राहून डिस्कवर भलतेंच लिहून ठेवण्यापेक्षां थांबणेंच बरें.

कंपनीनें ती फाइल १० वाजून ५७ मिनिटांनीं, म्हणजे ७८ मिनिटांत, मागें घेतली. तोंवर व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. पहारेकरी यंत्र सुरू होतांनाच जागा होत असल्यामुळें, दुरुस्त फाइल पोंचण्यापूर्वींच बहुतेक यंत्रें पुन्हां कोसळत. अखेर माणसांना एकेका यंत्रापुढें बसून, तें सुरक्षित अवस्थेंत चालूं करून, ती फाइल हातानें पुसावी लागली. जेथें डिस्क कुलुपबंद केलेली होती, तेथें ४८ आंकड्यांची किल्ली प्रथम शोधावी लागली, आणि कित्येक ठिकाणीं ती किल्ली ज्या यंत्रांत ठेवलेली, तेंच निळें पडलेलें!

भारतीय बँका पुष्कळशा बचावल्या. रिझर्व्ह बँकेनें त्याच दिवशीं कळविलें कीं, १० बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडथळा झाला. बहुतेक बँकांनीं हा पहारेकरी ठेवलेलाच नव्हता, हें त्याचें एक कारण. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांत पेन्शन, रेल्वेचें तिकीट, सातबाराचा उतारा, हीं सर्व आज संगणकांतूनच निघतात. आणि खेडोपाडीं पसरलेल्या शाखांतून एकेका यंत्रापुढें जाऊन बसेल असा जाणकार प्रत्येक ठिकाणीं असतोच असें नाहीं.

ता. २५ जुलै २०२४ रोजीं कंपनीनें आपल्या पहारेकऱ्यांत एक तपासणी घातली: जो रकाना उघडावयाचा, तो मुळांत आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. नवीन फाइली एकदम सर्वत्र न धाडतां टप्प्याटप्प्यानें धाडण्याचेंहि ठरलें. सप्टेंबर २०२४ मध्यें मायक्रोसॉफ्टनें अशा पहारेकऱ्यांच्या कंपन्यांना बोलावून, त्यांना गाभ्याबाहेर उभें राहून पहारा करतां येईल अशी व्यवस्था करण्याचा विचार पुढें मांडला. त्यावर कांहीं कंपन्यांची शंका अशी कीं, बाहेर उभ्या राहिलेल्या पहारेकऱ्याला आंत शिरलेला चोर वेळेवर दिसेल काय?