पाचांमुखी परमेश्वर : एक विचार

(वार्षिक संमेलनातील भाषण)



‘पाचांमुखी परमेश्वर’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्यात तथ्य आहे. एकट्याच्या लहरीपेक्षा पाच जणांचा विचार बहुधा अधिक सुरक्षित असतो. परंतु पहिल्याने बोलावे आणि उरलेल्या चौघांनी नुसत्या माना डोलवाव्यात, तर ते मुख पाचांचे नव्हे, एकाचेच होय. ह्या गोष्टीचा थोडा ऊहापोह करण्याचे आम्ही योजिले आहे.

सॉलोमन अ‍ॅश ह्या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत एक साधा प्रयोग केला. एक रेघ दाखवावयाची आणि तिच्याएवढी रेघ तीन रेघांतून ओळखावयाची, एवढेच काम. एकट्याने उत्तर देताना शंभरात एखादीही चूक होत नसे. परंतु भोवतालची, आधीच पढवून ठेवलेली मंडळी एकमुखाने चुकीचे उत्तर देऊ लागली, तेव्हा चारांपैकी तिघे जण निदान एकदा तरी त्यांच्यामागून गेले. डोळ्यांना दिसत होते एक आणि मुखातून निघत होते दुसरेच!

१९६१ मध्ये येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम ह्यांनी याहून कठोर परीक्षा पाहिली. पलीकडच्या खोलीतील मनुष्याचे उत्तर चुकले की त्याला विजेचा वाढता धक्का द्यावा, अशी आज्ञा होती. धक्के खोटे होते. पण बटण दाबणाऱ्यास ते ठाऊक नव्हते. एका प्रयोगात चाळीसांपैकी सव्वीस जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. ती माणसे क्रूर नव्हती. कित्येकांना घाम फुटला, हात थरथरले. तरीही ‘पुढे चला’ असे सांगणाऱ्या अधिकाऱ्यास नाही म्हणणे त्यांना जमले नाही.

ह्या प्रयोगांची दुसरी बाजू मात्र आशादायक आहे. अ‍ॅश ह्यांच्या प्रयोगात एकच सोबती खरे बोलला, की बहुमतापुढे मान तुकवण्याचे प्रमाण सुमारे चौथाईवर येई. उत्तर गुप्तपणे लिहून द्यावयाचे असले, तरीही ते बरेच घटे. मिलग्रॅम ह्यांच्याकडे दोन सहकाऱ्यांनी नकार देताच चाळीसांपैकी केवळ चौघेच शेवटपर्यंत गेले.

सोबत्याचे हे महत्त्व महाराष्ट्राने आधीच पाहिले आहे. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे ह्यांनी गोदूबाई ह्या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या मंडळींनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. परंतु कर्वे सर्वस्वी एकटे नव्हते. गोदूबाईंचे बंधू नरहरपंत जोशी हे त्यांचे स्नेही होते आणि वधूच्या पित्याचीही संमती होती. त्याच कर्व्यांना १९५८ मध्ये भारतरत्न हा किताब मिळाला.

आज बहिष्कार हा गुन्हा आहे. महाराष्ट्राचा तत्संबंधी २०१६ चा कायदा ३ जुलै २०१७ पासून अमलात आला असून त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. परंतु कायदा पंचांच्या हुकमास आवरील. मुकाट्याने डोलणाऱ्या मानेस तो काय करणार? लग्नातील खर्च असो की मुलीच्या पसंतीचा प्रश्न असो, ‘लोक काय म्हणतील’ ह्या भयापोटी कर्ज काढणारी आणि लेकीचे मन मोडणारी घरे आपल्यात नाहीत काय? आणि ते ‘लोक’ म्हणजे तरी कोण? आपणच ना!

म्हणून आमची नम्र सूचना अशी. महत्त्वाच्या ठरावावर हात वर करवून घेण्याऐवजी चिठ्ठ्यांनी मत घ्यावे. सभेत तरुणांनी व भगिनींनी प्रथम बोलावे; आम्ही वृद्धांनी शेवटी. आणि कार्यवृत्तात ‘एकमताने संमत’ असे लिहिण्यापूर्वी विरोधी मत कोणाचे आहे काय, हे अध्यक्षांनी आवर्जून विचारावे. विरोध करणारा ज्ञातीचा शत्रू नव्हे. कदाचित रेघ नीट पाहणारा तोच एक असेल.

पाचही मुखे मोकळी होतील, तेव्हाच त्यांत परमेश्वर वसेल.